रेड लाइटला उजवीकडे वळणं (न्यू जर्सी): किती थांबायचं आणि कुठे वळायचंच नाही?

चिंचगूळ

न्यू जर्सीचं लायसन्स काढायचंय. मॅन्युअल वाचून झालं, लेखी परीक्षेपुरतं पाठही झालं. पण रस्त्यावर जे दिसतं त्याचा आणि पुस्तकाचा मेळ बसत नाही. लाल दिव्याला उजवीकडे वळता येतं, आधी पूर्ण थांबायचं, हे ठीक. पूर्ण म्हणजे किती? कुणी तीन सेकंद मोजा म्हणतं, कुणी म्हणतं गाडी हळू केली तरी पुरे. गोल दिव्याऐवजी लाल बाण असेल तर काय? मागचा हॉर्न वाजवत राहिला तर वळावंच लागतं का? जर्सी सिटीत वन-वेवरून वन-वेवर डावीकडे वळणारेही पाहिले, ते चालतं का? शिवाय कामासाठी अधूनमधून न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियाला गाडी न्यावी लागेल, तिथले नियम वेगळे आहेत असं ऐकून आहे. जाणकारांनी कृपया नीट सांगावं. "सगळे असंच करतात" हे उत्तर नको.

नाक्यावरचा

तीन सेकंद न्यू जर्सीच्या कायद्यात नाहीत. ड्रायव्हिंग शिकवणारे सांगतात, कारण तेवढं मोजणारा माणूस हमखास थांबतो. कायद्याला हवी आहेत थांबलेली चाकं. ब्रेकवर गाडी थांबताना बॉनेट जरा खाली झुकतं आणि मग मागे येऊन स्थिरावतं, सीटच्या पाठीला हलकासा धक्का जाणवतो. तो जाणवला की तुम्ही थांबलात. स्पीडोमीटरच्या शून्यावर जाऊ नका, गाडी रांगत असतानाही काही गाड्यांत शून्यच दिसतं. "हळू केली तरी पुरे" म्हणणारे ज्याला रोलिंग स्टॉप म्हणतात त्याचंच तिकीट मिळतं, आणि रोड टेस्टला तेच करून लोक नापास होतात.

किती वेळ यापेक्षा कुठे थांबता हे जास्त महत्त्वाचं, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. स्टॉप लाइन आखलेली असेल तर तिच्या अलीकडे. नसेल तर क्रॉसवॉकच्या, म्हणजे पायी रस्ता ओलांडायच्या पट्ट्याच्या, अलीकडे. तोही नसेल तर इंटरसेक्शनमध्ये शिरण्याआधी. लोक थेट क्रॉसवॉकवर जाऊन थांबतात, कारण तिथून डावीकडचं दिसतं. पण तुमचा दिवा लाल असतो तेव्हा तुमच्या समोरच्या त्याच क्रॉसवॉकवर चालणाऱ्यांना 'वॉक' असतो. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर उभे आहात तो रस्ता त्या क्षणी त्यांचा आहे.

म्हणून थांबणं दोन टप्प्यांत करा. पहिलं रेषेच्या अलीकडे, पूर्ण. क्रॉसवॉक रिकामा आहे हे बघा, मग हळूहळू पुढे सरका, डावीकडचं दिसेल तिथे परत थांबा. एकदाच थांबून वळता आलं तर उत्तमच, पण जुन्या वस्त्यांत कोपऱ्यावरच्या झाडांमुळे आणि पार्क केलेल्या गाड्यांमुळे रेषेवरून काही दिसत नाही. खरं तर क्रॉसवॉकपासून २५ फुटांत पार्किंगला न्यू जर्सीत मनाई आहे. ती किती पाळली जाते ते कुठल्याही डाउनटाउनला दिसेलच.

आता बघायचं कसं. भारतातून आलेल्यांची मान सवयीने आधी उजवीकडे जाते. इथे गाड्यांचा मुख्य धोका डावीकडून येतो, हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. आणि मग उलटीच चूक सुरू होते: नजर डावीकडे चिकटते, फट सापडली की मान वळवायच्या आत पाय ॲक्सिलरेटरवर जातो, आणि उजव्या फुटपाथवरून क्रॉसवॉकवर उतरलेला माणूस बंपरसमोर येतो. फुटपाथवरून सायकलवर येणारी मुलं तर आणखी वेगात असतात. क्रम असा ठेवा: डावीकडे, समोर, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि गाडी हलवताना शेवटची नजर जिकडे जाणार तिकडे.

"समोर" कशासाठी, तर समोरून येऊन त्यांच्या डावीकडे वळणाऱ्यांना हिरवा बाण असू शकतो, आणि ते तुम्ही जिथे शिरणार त्याच रस्त्यात शिरतात. डावीकडून एकही गाडी येत नाही म्हणून रस्ता मोकळा वाटतो, पण पुष्कळदा तो मोकळा असतो या हिरव्या बाणामुळेच. आडव्या रस्त्यावर उजवीकडून येऊन यू-टर्न घेणाऱ्यांचंही तसंच. जिथे यू-टर्न चालतो तिथे तेही वळून तुमच्याच लेनमध्ये येतात.

ओसरी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, फक्त पैशांचं आणि पॉइंट्सचं (लायसन्सवर चढणाऱ्या दोषगुणांचं) जोडतो, कारण न्यू जर्सीत त्याचा थेट परिणाम इन्शुरन्सवर होतो.

सिग्नल न पाळल्याचं कलम लावलं तर २ पॉइंट्स. चुकीचं वळण घेतल्याचं कलम लावलं तर ३. लाल दिव्याला न थांबता वळलात तर पोलिस दोन्हीपैकी कुठलंही लावू शकतो, आणि दंड साधारण ८५ डॉलर. दंड फुटकळ आहे, पॉइंट्स नाहीत. पादचाऱ्यासाठी थांबला नाहीत तर मात्र २०० डॉलर, २ पॉइंट्स, आणि कोर्ट १५ दिवसांपर्यंत समाजसेवा करायला लावू शकतं.

पादचाऱ्यांच्या बाबतीत इथला कायदा फक्त "वाट द्या" म्हणत नाही. थांबा आणि थांबून राहा, असं म्हणतो. तुम्ही ज्या अर्ध्या रस्त्यात वळताय त्या अर्ध्यात, किंवा त्याच्यापासून एका लेनच्या अंतरात माणूस असेल तोवर हलायचं नाही. तो माझ्यासमोरून गेला, आता मी त्याच्या पाठीमागून निघतो, हे चालत नाही.

कॅमेऱ्यांचं विचारलं नाहीत, पण पुढे विचारालच. न्यू जर्सीत सिग्नलच्या कॅमेऱ्यांचा प्रयोग २०१४ च्या डिसेंबरात संपला. न्यू यॉर्क शहरात आणि फिलाडेल्फियात ते सुरू आहेत. न्यू यॉर्कला ५० डॉलर, फिलाडेल्फियाला १००. दोन्हीकडे तिकीट गाडीच्या मालकाला येतं आणि पॉइंट्स लागत नाहीत.

चिंचगूळ

दोघांचे आभार. दोन टप्प्यांत थांबायचं हे कुठेच वाचलं नव्हतं. बाण, हॉर्न आणि डावं वळण राहिलं.

रुळावर

हॉर्न: नाही. लाल दिव्याला वळणं ही मुभा आहे, सक्ती नाही. दिसत नसेल, खात्री वाटत नसेल, तर हिरवा होईपर्यंत उभं राहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि मागच्याला त्यावर काही करता येत नाही. त्याला तुमच्या समोरचा क्रॉसवॉक दिसतच नसतो. उलट त्याच्या हॉर्नमुळे निघालात आणि काही झालं, तर तिकीट तुमच्या नावावर.

डावं वळण: न्यू जर्सीत लाल दिव्याला डावीकडे कधीच नाही. वन-वेवरून वन-वेवर असलं तरी नाही. जर्सी सिटीत पाहिलेत ते बहुधा न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर भागातले किंवा पेनसिल्व्हेनियाचे चालक असावेत, कारण तिकडे वन-वेवरून वन-वेवर थांबून डावीकडे वळता येतं (न्यू यॉर्क शहर सोडून). फिलाडेल्फियात सेंटर सिटीचे बहुतेक रस्ते वन-वेच आहेत, त्यामुळे तिथे मागचा डाव्या वळणासाठीही हॉर्न वाजवेल, तयारीत राहा. पाटी मात्र आधी बघा.

रूट १ महामार्गावर जगहँडलने (डावीकडे जाण्यासाठी आधी उजवीकडून बाहेर काढणाऱ्या वळणरस्त्याने) डावीकडे जाणार असाल तर एक गोष्ट. उजवीकडून बाहेर पडून आडव्या रस्त्याला लागता तिथे सिग्नल लाल असेल आणि तुम्हाला डावीकडे जायचं असेल, तर उभं राहायचं. उजव्या लेनमधून बाहेर पडलो म्हणजे हे उजवं वळण, असा गोंधळ नव्यांचा होतो. दिव्यापाशी तुम्ही कुठल्या दिशेला वळणार तेवढंच मोजलं जातं.

बाण: लाल बाण म्हणजे त्या दिशेची हालचाल बंद. उजवा बाण लाल असेल तर न्यू जर्सीत उभेच राहा. कॅलिफोर्नियात तर हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक राज्यात असं नाही. वॉशिंग्टन राज्यात लाल बाणालाही थांबून उजवीकडे वळता येतं, सिएटल-बेलव्ह्यूकडून आलेले लोक तीच सवय इकडे घेऊन येतात. राज्य ओलांडलंत की बाणाबद्दल काहीच गृहीत धरू नका.

खडीसाखर

न्यू यॉर्क शहराचा नियम नीट समजून घ्या, तो बाकी देशाच्या उलटा आहे. बाकी जवळपास सगळीकडे पाटी नसेल तर वळता येतं. न्यू यॉर्क शहरात पाटी असेल तरच वळता येतं. मॅनहॅटन, क्वीन्स, ब्रुकलिन, ब्राँक्स, स्टॅटन आयलंड, पाचही ठिकाणी. शहरात शिरताना तशी सूचना लावलेली असते, पण बोगद्यातून किंवा पुलावरून बाहेर पडताना लेन बदलायच्या घाईत ती कोण वाचणार.

एडिसनहून आउटरब्रिज ओलांडून स्टॅटन आयलंडला गेलात तर जास्त जपून. तिथली वस्ती, रस्ते, घरांपुढची हिरवळ, सगळं न्यू जर्सीसारखंच दिसतं, म्हणून पाय आपोआप ब्रेकवरून सुटतो. शहरातल्या अपवादाच्या पाट्या जास्त करून याच भागात आहेत, त्यामुळे एका कोपऱ्यावर चालतं आणि पुढच्यावर नाही. न्यू यॉर्क राज्यात शहराबाहेर, म्हणजे वेस्टचेस्टर वगैरेला, पुन्हा नेहमीचा नियम.

आता पाट्या. 'नो टर्न ऑन रेड' ही पांढरी पाटी, काही ठिकाणी मध्ये लाल गोळा. दिव्याच्या शेजारी आडव्या खांबावर असते, नाहीतर पलीकडच्या उजव्या कोपऱ्यावर. खाली बारीक अक्षरांत वेळ असू शकते, शाळेजवळ बहुधा असतेच. कुठे "पादचारी असताना" असं लिहिलेलं असतं. दोन उजव्या लेन असतील तर "फक्त कडेच्या लेनमधून" असंही सापडेल. हल्ली काही सिग्नलला एलईडीची पाटी असते, ती गरजेपुरती पेटते आणि एरवी काळी असते. म्हणजे काल तुम्ही वळलात तिथे आज मनाई असू शकते.

पेठकर

मला मुळात हा नियमच पटत नाही. एक सिग्नल थांबलं तर कुणाचं काय जातं? पेट्रोल वाचवायला काढलेली गोष्ट, पेट्रोलचा प्रश्न गेला, नियम राहिला.

नाक्यावरचा

पेठकर, पेट्रोलचं बरोबर आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ऊर्जा कायदा केला. केंद्राचं सहाय्य हवं असेल तर राज्यांनी लाल दिव्याला उजवं वळण शक्य तितकं मोकळं करावं, असं त्यात होतं. पश्चिमेकडच्या राज्यांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, ते आधीपासूनच होतं. पूर्वेकडे हा बदल ओढून आणला गेला. मॅसॅच्युसेट्स सगळ्यांत शेवटी, १ जानेवारी १९८० ला.

आता काटा उलटा फिरतोय हेही खरं. मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजने शहरभर मनाई केली. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये टेंडरलॉइन भागातल्या पन्नासहून जास्त चौकांत केली. यामागे एक तांत्रिक कारण आहे, ते कळलं की पाट्या का वाढतायत तेही कळतं.

बऱ्याच सिग्नलला आता पादचाऱ्यांचा 'वॉक' गाड्यांच्या हिरव्याआधी तीन ते सात सेकंद लागतो. चालणारा रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचून वळणाऱ्या गाड्यांना दिसावा, हा हेतू. पण त्या काही सेकंदांत तुमचा दिवा अजून लालच असतो. तुम्ही डावीकडे बघत फट शोधताय, डावीकडच्या गाड्या नुकत्याच थांबल्यात, रस्ता मोकळा दिसतो, तुम्ही निघता. आणि ज्या रस्त्यात वळता त्याच्या क्रॉसवॉकवर माणूस उतरलेला असतो, त्याचा पूर्ण हक्क असताना. एरवी तुमच्या लाल दिव्यात त्या क्रॉसवॉकला 'डोंट वॉक' असतो, म्हणून तिकडे बघायची सवयच लागत नाही. पादचाऱ्याला लवकर सोडायचं आणि गाड्यांनाही लाल दिव्यात वळू द्यायचं, हे एका चौकात एकत्र नांदत नाही.

तेव्हा आडव्या रस्त्यावरच्या गाड्या थांबताना दिसल्या, तर ती निघायची वेळ समजू नका. हिरवा होतच असतो, तेवढं थांबा.

ओसरी

पेठकरांच्या "काय जातं" ला पुस्ती. फट किती हवी याचा अंदाज नवीन माणसाला येत नाही, म्हणून एक आकडा. रस्त्यांचं डिझाइन करणारे इंजिनियर थांबलेल्या कारला उजवीकडे वळून वेग पकडायला साडेसहा सेकंदांची फट धरतात. ताशी ४५ मैलांनी येणारी गाडी तेवढ्यात साधारण ४३० फूट, म्हणजे १३० मीटर येते. ताशी ३० मैलांना साधारण २८५ फूट. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची एक गोलरेषा ते दुसरी ३०० फूट असते, त्यावरून अंदाज बांधा. एवढं लांबचं दिसत नसेल, तर फट आहे की नाही हे तुम्हाला कळलेलंच नाही.

आणि न दिसण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण झाड नसतं. डाव्या लेनमध्ये तुमच्या बरोबरीला उभी असलेली उंच एसयूव्ही असते. तुम्ही एक फूट पुढे सरकता, त्यालाही बघायचं असतं, तोही सरकतो. असं करत दोघंही क्रॉसवॉकच्या पलीकडे. अशा वेळी ब्रेकवर पाय ठेवून हिरव्याची वाट बघणं हाच एक उपाय. इथे मी पेठकरांच्या बाजूने.

सांडगा

बे एरियातून. कॅलिफोर्नियात येणाऱ्यांसाठी दोन फरक.

सायकल लेन असेल तर वळणाआधीच्या २०० फुटांत तिच्यात शिरून, कडेला लागून वळायचं. आरसा, मग खांद्यावरून मागे नजर, मग शिरणं. सायकल लेनच्या डावीकडे थांबून तिथूनच वळलात तर मागून सरळ येणारा सायकलवाला थेट तुमच्या उजव्या दारावर येतो. ऑरेगनमध्ये नेमकं उलटं, तिथे सायकल लेनमध्ये शिरायचं नाही, बाहेरूनच सायकलला वाट देऊन वळायचं. पोर्टलंडला जाताना हे लक्षात ठेवा. इंडिकेटर किमान १०० फूट आधी, तो नियम तुमच्याकडेही आहे.

दंडाचं गणित इथे विचित्र. लाल दिवा तोडून सरळ गेलात तर मूळ दंड १०० डॉलर, पण त्यावर अधिभार चढून पाचशेच्या घरात जातो. न थांबता उजवीकडे वळल्याचा मूळ दंड ३५, तो अधिभारांसकट दोनशेच्या वर. कुठलं कलम लावलंय ते तिकिटावर नीट वाचा, सहीच्या नादात लोक वाचत नाहीत. २०२५ पासून क्रॉसवॉकच्या अलीकडे २० फुटांत पार्किंगही बंद झालंय, त्यामुळे कोपऱ्यावर आता जरा दिसतं.

मेतकूट

अवांतर, पण धाग्यात असू दे. टोरोंटोकरांना ओंटारियोत हाच नियम. मॉन्ट्रियलला गेलात तर बेटावर पूर्ण मनाई. उरलेल्या क्वेबेकमध्ये २००३ पासून चालतं.

जर्मनीत दिव्याशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण रंगवलेला असेल तरच. हा बाण म्हणजे पेटणारा दिवा नव्हे, साधी पत्र्याची पाटी. पूर्व जर्मनीत १९७८ ला आली, १९९४ पासून सगळ्या देशात. वळायचं फक्त अगदी उजव्या लेनमधून, आणि आधी पूर्ण थांबून. न थांबता वळलात तर ७० युरो आणि एक पॉइंट. भारतातून येणाऱ्याला हिरवा बाण म्हणजे सरळ परवानगी वाटते, घोळ होतो तो इथेच.

चिंचगूळ

शेवटचा प्रश्न. काही चौकांत उजव्या वळणाची लेन आधीच वेगळी होते, मध्ये त्रिकोणी बेट असतं आणि तिथे 'यील्ड'ची, म्हणजे 'वाट द्या'ची, पाटी. मुख्य दिवा लाल असेल तर तिथेही पूर्ण थांबायचं का? मागचे तर भरधाव निघून जातात.

रुळावर

बेटाच्या उजवीकडून जाणाऱ्या लेनला यील्डची पाटी असेल आणि तिच्यासाठी वेगळा दिवा नसेल, तर मुख्य दिवा तिला लागू नाही. पाटी पाळायची. डावीकडून गाडी येत नसेल आणि क्रॉसवॉकवर कुणी नसेल तर न थांबता जाता येतं. येत असेल तर थांबून आधी तिला जाऊ द्यायचं. त्या लेनसमोर स्वतंत्र दिवा लावलेला असेल तर मग तो दिवाच खरा, आणि लाल असेल तर वरचं सगळं लागू: रेषा, पूर्ण थांबा, पाटी.

अशा लेनमध्ये क्रॉसवॉक बहुधा वळणाच्या मध्यावर असतो, यील्डच्या पाटीच्या बराच अलीकडे. चालकाची मान तोवर डावीकडे, समोरच्या रस्त्यात शिरायला फट शोधत. म्हणून आधी क्रॉसवॉक, तो ओलांडल्यावर डावीकडची फट. आणि पुढची गाडी निघाली असं गृहीत धरून ॲक्सिलरेटर दाबू नका. तुम्ही डावीकडे बघत असता, तिने ऐनवेळी ब्रेक मारलेला असतो, आणि मागून ठोकल्याचा दोष बहुतेक वेळा मागच्याच्या माथी येतो.